मोठ्या आवाजाचा चाहता आहे, म्हणूनच बोलतो

ईद-ए-मिलादच्या आदल्या रात्रीची गोष्ट. माझा पंधरा वर्षांचा भाचा जुलूसमध्ये डीजेच्या गाडीवर बसणार म्हणून हट्ट धरून होता. मी नको म्हणालो. कान खराब होतात, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, सगळं सांगून झालं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामू, तुमे बी तो मेटालिका फुल्ल आवाज में सुनते ना? तुम्हारा म्युझिक, और हमारा त्रास?"

घरातले सगळे हसले. मीही हसलो, पण मला उत्तर सुचलं नाही.

प्रश्न अगदी बरोबर होता. मी गेली तीस वर्षं रॉक ऐकतो आणि ते हळू आवाजात ऐकण्याचं संगीत नाही हे मला ठाऊक आहे. ज्याला मोठा आवाज मुळातच आवडत नाही, त्यानं डीजेविरुद्ध बोलणं सोपं असतं. त्याचं त्यात काही जात नाही. शिवाय आपल्याकडे असं बोलणाऱ्यांत आणखी एक प्रकार असतो: दुसऱ्याच्या मिरवणुकीचा आवाज ज्याला ऐकू येतो आणि आपल्या मिरवणुकीचा येत नाही. मी या दोन्हींत बसत नाही. म्हणून भाच्याला त्या रात्री जे सांगता आलं नाही, ते इथे लिहितो आहे.

रॉक माझ्याकडे एका मित्राच्या कॅसेटमधून आलं. नव्वदच्या दशकात सोलापुरात इंग्रजी गाण्यांच्या कॅसेट फार मिळत नसत. एकाकडे एक असली की दहा जण तिची कॉपी करून घेत. त्या कॅसेटवर ब्लॅक सॅबथ हा बँड होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शब्द कळले नाहीत, पण तो ठोका ओळखीचा वाटला. हा आवाज मी आधी कुठेतरी ऐकला आहे, असं वाटत राहिलं.

ऐकलेला होताच. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. शाळेला सुट्टी असली की त्यांचा डबा घेऊन मी कारखान्यात जायचो. शेडच्या दारात पोचायच्या कितीतरी आधी आवाज सुरू व्हायचा. आत गेलं की धोटा इकडून तिकडे आदळतो आहे, माग थरथरतो आहे, पायाखालची फरशी हलते आहे, आणि अशा मागांच्या रांगाच्या रांगा. कामगार एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलायचे. अब्बा मला बघून दोन बोटं वर करायचे, म्हणजे दोन मिनिटं थांब.

पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे साम्य योगायोगाचं नव्हतं. ब्लॅक सॅबथची चारही मुलं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली, कामगारांच्या घरातली. गिटार वाजवणारा टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे दाबायला सोपं जावं म्हणून तारा सैल लावल्या, आणि त्यातून तो जड, खालचा सूर तयार झाला ज्याला आज जग हेवी मेटल म्हणतं. गायक ऑझी ऑस्बोर्न हा काही काळ मोटारीचे हॉर्न बनवणाऱ्या कारखान्यात हॉर्नचा आवाज जुळवण्याच्या कामावर होता. ५ जुलै २०२५ रोजी त्याच ॲस्टनच्या व्हिला पार्क मैदानावर या बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि २२ जुलैला ऑझी गेला. ती बातमी वाचून सोलापुरातल्या एका माणसाला घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की मोठा आवाज म्हणजे उडाणटप्पूपणा असं मी मानत नाही. कारखान्यात दिवस काढणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांनी त्या खडखडाटातूनच आपलं संगीत घडवलं. मोठ्या आवाजात माणूस स्वतःला थोडा वेळ विसरतो. डीजेसमोर नाचणाऱ्या पोराला जे मिळतं ते मला कळतं. मला तेच हेडफोनमध्ये मिळतं.

पण त्याच खडखडाटानं माझ्या घरात दुसरंही काहीतरी केलं.

अब्बा काम सोडून घरी बसले तेव्हा आम्हाला वाटायचं, ते मुद्दाम उत्तर देत नाहीत. टीव्ही मोठा लावायचे. अम्मी चिडायच्या. मग तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कानांची ऐकण्याची ताकद बरीच गेली आहे आणि ती परत येणार नाही. कानाच्या आतल्या भागात अगदी सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात, त्या आवाजाचं रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संदेशात करतात. सततच्या मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे अब्बांना कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

मशीद आमच्या घरापासून शंभर पावलांवर आहे. अब्बांना अजान ऐकू येत नाही. ते घड्याळ बघून उठतात.

डीजे मात्र त्यांना कळतो. गेल्या वर्षी गल्लीतून गाडी गेली तेव्हा ते छातीवर हात ठेवून बसले होते. नंतर म्हणाले, "कान को नहीं आता, यहाँ लगता." हे त्यांच्या मनाचे खेळ नाहीत. खालच्या पट्टीचे आवाज भिंती आणि खिडक्या सहज पार करतात आणि शरीराला हादऱ्यासारखे जाणवतात. डीजेच्या गाडीवरचे मोठे बॉक्स त्याच आवाजासाठी बनवलेले असतात.

इथे थोडा हिशेब सांगायला हवा, कारण तो आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप किलो किंवा मीटरसारखं सरळ चढत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की दहापट. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सोसावा, त्यापुढे नाही, असं तज्ज्ञ सांगतात. तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. १०० डेसिबलला हा वेळ फक्त १५ मिनिटं उरतो. आपल्याकडे कारखान्यांसाठी ८ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे, म्हणजे आधीच सैल. मागांच्या शेडमध्ये तीही पाळली जाते का, हे तिथे पाच मिनिटं उभं राहिलेल्या कोणालाही विचारा.

रॉकवाल्यांनाही याची किंमत मोजावी लागली आहे. द हू हा ब्रिटिश बँड १९७६ मध्ये लंडनच्या चार्ल्टन मैदानावर १२६ डेसिबलच्या आवाजामुळे गिनीज बुकात गेला. त्याच बँडचा पीट टाउनशेंड पुढे आयुष्यभर कानातल्या शिट्टीबद्दल आणि कमी ऐकू येण्याबद्दल उघडपणे बोलत आला. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, मंचावर गात राहिलास तर पूर्ण बहिरा होशील. त्याला दौरा अर्धवट सोडावा लागला. सर्वांत मोठ्या आवाजाच्या बँडचा विक्रम नोंदवणं गिनीजनं नंतर बंदच केलं, कारण त्यातून लोकांचे कान जाण्याला प्रोत्साहन मिळत होतं. माझ्याही डाव्या कानात रात्री शांतता झाली की बारीक शिट्टी वाजते. ती बंद करायचं बटण नाही. तेव्हापासून मी आवाज उतरवला आहे आणि कार्यक्रमाला जाताना कानात बोळे घालतो. भाच्याची माहिती या बाबतीत थोडी जुनी होती.

पण हे उत्तर अपुरं आहे. कान माझे आहेत, ते मी बिघडवले तर माझं नुकसान. खरा फरक दुसराच आहे.

रॉकच्या कार्यक्रमाला दार असतं. मी पैसे देऊन आत जातो, नको झालं की बाहेर येतो. हेडफोन माझ्या डोक्यावर असतो, आवाजाची चकती माझ्या बोटाखाली. रस्त्यावरच्या डीजेला दार नसतं. तो ज्यांच्या घरासमोरून जातो त्यांनी तिकीट काढलेलं नसतं. तिथे बाळंतीण असते, दहावीची मुलगी असते, हृदयाचं ऑपरेशन झालेला शेजारी असतो, आणि दोन्ही कान गेलेला, छातीवर हात ठेवून बसलेला माणूस असतो. त्यांना बाहेर पडायला जागा नाही, कारण ते आधीच आपल्या घरात आहेत. मी स्वतःसाठी निवडतो तोवर ते संगीत आहे. तुमच्या मर्जीविरुद्ध तुमच्या घरात घुसवतो तेव्हा ती सत्ता आहे, मग त्यावर नात वाजो, भजन वाजो की माझं लाडकं मेटल वाजो. भाच्याला द्यायचं उत्तर हे होतं.

कायदा हेच सांगतो, आणि तो सगळ्यांना सारखा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ मध्ये हे नियम उचलून धरले. ध्वनिक्षेपक लावणं हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या रहिवाशांच्या याचिकेवर सांगितलं. तक्रार करणाऱ्याची ओळख उघड होऊ नये, असंही त्या दुसऱ्या निकालात आहे.

मग तक्रार का होत नाही? कारण आपल्याकडे तक्रारीलाही धर्म चिकटतो. मी गणपतीच्या डीजेची तक्रार केली तर मी धर्मांध मुसलमान. ईदच्या जुलूसमधल्या डीजेची केली तर मी कौमचा गद्दार. शेजारच्या पद्मशाली काकांनी नेमकं उलट केलं तरी त्यांना याच दोन शिव्या मिळतात. आमच्या दोघांच्याही घरात म्हातारी माणसं आहेत, दोघांच्याही खिडक्या हादरतात आणि दोघेही गप्प असतो. या गप्प बसण्यावर डीजेचं सगळं राजकारण उभं आहे.

या कोंडीतून वाट एकच दिसते: प्रत्येकानं आपल्या घरापासून सुरुवात करायची. माझं घर मुस्लिम समाज आहे, म्हणून मी त्याच्याशी बोलतो.

इथे लगेच कोणीतरी म्हणेल, आपणच का आधी? २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत फक्त मशिदींच्या भोंग्यांवरून इशारे दिले गेले, हनुमान चालिसा लावण्याची भाषा झाली, तेव्हा समानता कुठे होती? हा आक्षेप खरा आहे. त्या मोहिमेला कोणाच्या झोपेची काळजी नव्हती. आवाज कमी व्हावा असा तिचा हेतू असता, तर एका भोंग्यासमोर दुसरा भोंगा लावण्याची धमकी दिली नसती. आजही काही मिरवणुका मशिदीसमोर आल्या की रेंगाळतात आणि नेमकी डिवचणारी गाणी लागतात. या गाण्यांचा आता मोठा धंदा झाला आहे. पत्रकार कुणाल पुरोहित यांनी त्यावर 'एच-पॉप' हे पुस्तकच लिहिलं आहे. पोलिसांनी एका गाडीकडे डोळेझाक करायची आणि दुसऱ्या गाडीवर गुन्हा दाखल करायचा, हे चालणार नाही, असं आपण ठामपणे म्हणायला हवं.

पण त्याला आपलं उत्तर काय? आपल्या तरुणांनी शोधलेलं उत्तर म्हणजे त्यांच्यापेक्षा मोठा डीजे. त्यांचे दहा बॉक्स, तर आपले बारा. यात हरतं कोण? दोन्हीकडच्या खिडक्या आणि दोन्हीकडचे अब्बा.

घाबरून आवाज बंद करणं आणि शेजाऱ्याचा विचार करून तो कमी करणं, यांत फरक आहे. तो समाजानं करून दाखवलेला आहे. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतल्या खिलाफत समितीनं आपला जुलूस दुसऱ्या दिवशी नेला. २०२४ आणि २०२५ मध्येही सण लागून आले आणि मुंबईचा जुलूस पुन्हा पुढे ढकलला गेला. २०२५ मध्ये मुंबईतल्या काही मशिदींनी अजान मोबाइल अॅपवरून घरोघरी पोचवायला सुरुवात केली. त्यानं इस्लाम कमी झाला नाही. अजानची सुरुवातच हजरत बिलाल यांच्या उघड्या गळ्यानं झाली आहे. ध्वनिक्षेपक नवा होता तेव्हा नमाजेत तो वापरण्याला आक्षेप घेणारे उलेमा होते, हे आज कोणाला आठवतही नाही. कुरआनात सूरह लुकमानमध्ये आवाज खाली ठेवण्याची शिकवण आहे. नमाजेतला आवाजही फार मोठा नको आणि फार बारीक नको, असं दुसऱ्या एका सूरहमध्ये सांगितलं आहे. शेजाऱ्याच्या हक्कांवर तर आपल्याकडे दर शुक्रवारी बयान होऊ शकतं. ते एकदा डीजेवरही व्हावं.

संगीत आणि धर्म यांच्याबद्दल आपल्याकडे एक विचित्र दुटप्पीपणा आहे. माझ्या हातात गिटार दिसली तेव्हा मोहल्ल्यातल्या दोन बुजुर्गांनी मला ते हराम आहे म्हणून समजावलं होतं. त्यांच्या मताचा मला राग नाही. पण त्याच बुजुर्गांच्या समोरून जुलूसमधला डीजे जातो तेव्हा ते मान खाली घालून उभे असतात. २०१३ मध्ये काश्मीरमध्ये 'प्रगाश' नावाचा शाळकरी मुलींचा रॉक बँड होता, तीन मुलींचा. त्यांना इंटरनेटवरून धमक्या आल्या, तिथल्या मुफ्तींनी त्यांच्या गाण्याला गैरइस्लामी ठरवलं आणि त्या वर्षी फेब्रुवारीत मुलींनी बँड बंद केला. तीन मुलींचं वाजवणं आपल्याला खुपतं आणि खिडक्या हादरवणारे बॉक्स खुपत नाहीत. मग आपला आक्षेप संगीताला आहे की मुलींना?

आपल्याकडे दुसरीही परंपरा आहे, आणि ती लांब शोधायला जावं लागत नाही. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. मिरजेतच शिकलगार घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या सतार आणि तंबोरे घडवले. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९१६ मध्ये मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला, जो पुढे शाहीर अमर शेख झाला. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांचं लाल बावटा कलापथक होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजानं मैदानं भरून जायची. डफ, तुणतुणं आणि एक गळा. माझ्या दृष्टीनं ते आपल्या जिल्ह्याचे पहिले रॉकस्टार आहेत आणि हे मी गमतीनं म्हणत नाही.

मला रॉक का आवडतं याचं उत्तर त्यांच्यापाशी येऊन थांबतं. रॉकमध्ये राग असतो. पण चांगल्या रॉकमधला राग वरच्या दिशेनं जातो. ब्लॅक सॅबथचं १९७० चं 'वॉर पिग्ज' हे गाणं गरिबांच्या पोरांना युद्धावर पाठवणाऱ्या सत्ताधाऱ्यांवर आहे. अमर शेखांचा आवाजही सत्तेवर चढायचा, शेजाऱ्यावर नाही. याच शहरात १९३० मध्ये ब्रिटिशांना मार्शल लॉ लावावा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना एकाच दिवशी येरवड्यात फाशी झाली. आज त्या चार हुतात्म्यांच्या चौकातून प्रत्येक समाजाची मिरवणूक आपापला डीजे घेऊन जाते. राग तोच आहे, तरुण आहे, खरा आहे. फक्त तो आता बाजूच्या गल्लीकडे वळवला गेला आहे.

वर्षानुवर्षं या शहराच्या नळांना चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी आलं. त्यासाठी कोणी डीजे लावला नाही. यंत्रमाग कामगारांचे कान जातात. कामावरच्या आवाजानं कमी ऐकू येणं हा व्यवसायजन्य आजार म्हणून भरपाईच्या कायद्यात नोंदलेला आहे. पण ज्याच्या नोकरीची धड नोंद नाही तो भरपाई कोणाकडे मागणार? माझ्या अब्बांनी मागितली नाही. ती मागता येते हेच आम्हाला माहीत नव्हतं. पोरांनो, राग काढायला विषय हवे असतील तर सोलापुरात कमी नाहीत.

आणखी एक आक्षेप आहे, तो मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. डीजेवर पोट असणारी मुलं आपल्यातलीच आहेत. कर्ज काढून बॉक्स घेतात, सहा महिने धंदा आणि सहा महिने बसून. त्यांना शिव्या घालून काही होणार नाही. पण ज्या गाडीवर ती रात्रभर उभी असतात, तिथे सगळ्यात आधी त्यांचेच कान जातात. लग्नाच्या हॉलमध्ये, मैदानावरच्या कार्यक्रमात, मर्यादेतल्या आवाजात त्यांना काम मिळू शकतं. आवाज नीट जुळवणं ही एक विद्या आहे आणि चांगला साउंडवाला शंभर बॉक्स न लावता शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवतो. त्यांना हे शिकवणारी एखादी कार्यशाळा समाजाच्या संस्थांनी घ्यावी. भाडं देणाऱ्यांनीही आवाज मोठा असण्यापेक्षा चांगला असावा, असं मागायला शिकावं.

माझ्या सूचना साध्या आहेत. जुलूसमध्ये डीजे नको. नात असो, डफ असो, हातात धरायचा छोटा स्पीकर असो, पण गाडीवरचे बॉक्स नकोत. डीजेसाठी जमणाऱ्या वर्गणीतून यंत्रमागावर आणि इतर कारखान्यांत काम करणाऱ्यांची कान-तपासणी करावी. सगळ्या धर्मांच्या कामगारांची. कानात घालायचे बोळे फार महाग नसतात, ते वाटावेत आणि मालकांकडे मागावेत. जवळजवळच्या मशिदींनी एकत्र बसून ध्वनिक्षेपकांची तोंडं आणि आवाज ठरवून घ्यावा, पोलीस येण्याची वाट न बघता. तक्रार करायची असेल तर आधी आपल्या मोहल्ल्याची करावी. मग शेजारच्या मोहल्ल्याशी बोलायला तोंड राहतं. आणि आपल्या मुला-मुलींना वाजवायला एक जागा द्यावी. महिन्यातून एक संध्याकाळ, दार असलेली खोली, गिटार, ढोलकी, तबला, जे येईल ते. डीजेसमोर नाचण्याची ओढ खरी आहे, तिला दुसरी वाट दिली नाही तर नुसतं नको म्हणण्याला अर्थ नाही.

या वेळच्या जुलूस कमिटीच्या बैठकीला मी जाणार आहे. या सूचना लेखी देईन. विरोध होणार हे मला माहीत आहे. तिथे माझा भाचाही येणार आहे, डीजेच्या बाजूनं. त्याला मी घरी सांगितलं आहे की त्यानं त्याचं म्हणणं मांडावं, मी मध्ये बोलणार नाही.

अब्बांनाही सोबत नेणार आहे. त्यांना बैठकीतलं काही ऐकू येणार नाही. कमिटीतल्या लोकांनी निर्णय घेण्याआधी दोन मिनिटं त्यांच्याशी बोलून बघावं, एवढीच माझी विनंती आहे.